पाचवी कुणाच्या बांधावर?



बाळ जन्मलं की पाचव्या रात्री आपल्याकडे, भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतच्या गावांत, पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी पुढचं सगळं लिहून जाते, अशी समजूत. मुसलमान घरांतही दख्खनमध्ये छठी करण्याची रीत जुनी आहे. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेलं 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक १८३२ साली इंग्रजीत छापलं गेलं. जन्मापासून कबरीपर्यंतचे विधी त्यात क्रमाने येतात, आणि त्यात छठी आहे, अकीका आहे, बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा चिल्लाही आहे. आपल्याकडचा सव्वा महिना आणि त्यांचा चिल्ला यांत दोन-तीन दिवसांचाच फरक. एवढे दिवस बाईने उठू नये, जड उचलू नये, तिच्या अंगावर तेल जिरावं, तिला कुणीतरी रांधून घालावं, हे दोन्ही घरांनी धर्माचं नाव घेऊन ठरवून ठेवलं.

आता ऊसतोडीचा हंगाम पाहा. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, विशेषतः भूम, वाशी, परंडा, कळंब या भागातली माणसं घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट रुळत गेली. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत प्रत्येक दिवस मोजला जातो. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा पडतो, त्याचे पैसे हिशेबातून वजा होतात. दिवस भरलेली बाई या हंगामात कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, बाळंत होते. पाटा-वरवंटा गावी राहिला म्हणून तिची पाचवी अडत नाही. सटवाई मुळातच दगडात राहणारी देवी आहे. दोन गोटे धुऊन मांडले, हळद-कुंकू वाहिलं की पूजा झाली. सव्वा महिना मात्र मिळत नाही. काही दिवसांतच ती बाई बाळाला सावलीला ठेवून पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहते.

पूजा झाली आणि विश्रांती गेली. आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी वेगवेगळ्या धर्मांच्या आणि काळांच्या दाखल्यांवर घासून पाहणार आहे.

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाचं फ्रेंच पुस्तक १९०९ साली आलं. जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू या प्रसंगीच्या जगभरच्या विधींची त्याने तुलना केली आणि त्यात तीन टप्पे दाखवले: जुन्या अवस्थेतून बाजूला काढणं, मधला उंबरठ्यावरचा काळ, आणि नव्या रूपात परत समाजात घेणं. आपल्याकडे हळद लागलेल्या नवरीला घराबाहेर पडू देत नाहीत, सुतकातला माणूस देवाला शिवत नाही. हा सगळा तो मधला काळ. गेनेपची मांडणी मला पटते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणूस बाजूला जातो तेव्हा गाव जागेवर असतं, परत घ्यायला तयार असतं. स्थलांतरात माणूसच सहा महिने गावाबाहेर असतो. त्याला परत कोण घेणार, कुठे आणि कधी?

विधी प्रवासाला घाबरतात असं मात्र नाही. उलट आपल्या भागातले किती तरी विधी चालत्या माणसांनीच घडवलेले आहेत. गोंधळ घ्या. लग्न झालं की तुळजापूरच्या भवानीच्या नावाने गोंधळ घालायचा. दिवटी पेटते, संबळ वाजतो, आणि गोंधळी गावोगावच्या देवतांना त्यांच्या ठिकाणांसह नाव घेऊन मांडवात बोलावतो. भक्ताने देवाकडे जायचं ही एक रीत; इथे देवांनीच लग्नघरी यायचं असतं. त्यामुळे पिंपरीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही गोंधळ पुरा होतो. तुळजाभवानीची मूर्तीसुद्धा चल आहे. मंचकी निद्रेसाठी ती सिंहासनावरून पलंगावर जाते, सीमोल्लंघनाला पालखीतून मंदिराभोवती निघते, आणि तो पलंग आणि ती पालखी अहिल्यानगरकडून दर वर्षी चालत येतात.

हीच देवी भोसल्यांबरोबर कावेरीकाठी गेली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावरला राज्य स्थापन केलं. त्या घराण्यात दोन राजांची नावं तुळजाजी आहेत. पहिल्याचा काळ १७२८ ते १७३६, दुसऱ्याचा १७६३ ते १७८७. तमिळ मुलखात वाढणाऱ्या राजपुत्राचं बारसं करताना आपल्या या डोंगरावरच्या देवीचं नाव निवडलं गेलं. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. देवीला जाऊन जावळ काढणं दर पिढीला शक्य नव्हतं, तेव्हा तिचं नावच मुलाला दिलं.

लिंगायतांनी तर हा प्रश्न बाराव्या शतकातच सोडवला. उमरग्याहून बसवकल्याण किती जवळ आहे ते तुम्हाला सांगायला नको. तान्ह्या बाळाला इष्टलिंग बांधलं जातं आणि ते जन्मभर अंगावर राहतं. देव गळ्यात असला की देऊळ कुठे आहे याला महत्त्व उरत नाही. बौद्धांचं आणखी वेगळं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. लग्नाला मुहूर्ताची आणि जातीच्या पुरोहिताची गरज ठेवलेली नाही. त्रिशरण, पंचशील आणि जमलेली माणसं. धारावीतल्या चाळीत असो वा लंडनमध्ये, त्यात काही कमी पडत नाही. निकाहातही ईजाब-कबूल म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, मेहर आणि साक्षीदार ही मुख्य अंगं. वधूची संमती वकिलामार्फत आणण्याची सोय शरीयतीत आधीपासून आहे. आखातात कामाला गेलेल्या मुलाचा निकाह फोनवर लागू लागला तेव्हा ही जुनी सोयच कामाला आली.

लमाणांबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण नळदुर्ग-तुळजापूरकडचे तांडे आपल्या रोजच्या पाहण्यातले. मीठ आणि धान्य बैलांवर लादून देशभर फिरणारा हा समाज. चालणं हाच ज्यांचा धंदा होता त्यांची लग्नं कधी लागत? पावसाळ्यात. वाटा बंद होत, तांडा एका जागी मुक्काम करी, आणि तेव्हा लग्नं लागत. नवरी तांडा सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. तो रडून गायचा असतो, घाईत उरकता येत नाही, कारण प्रत्येक नातेवाइकाचा निरोप स्वतंत्र घ्यायचा असतो. रेल्वे आली, मालवाहतूक गेली, तांडे स्थिरावले. आज त्याच तांड्यांतली माणसं पुन्हा वाटेला लागली आहेत, पण आताच्या वाटेत पावसाळ्याचा तो मुक्काम विधीसाठी उरलेला नाही. तो पेरणीत आणि पुढच्या उचलीच्या शोधात जातो.

चालणाऱ्यांनी थांबण्याची सोय करून ठेवली होती, हे जैन आणि बौद्ध परंपरांतही दिसतं. भिक्खूंचा वर्षावास आणि जैन मुनींचा चातुर्मास हे फिरत्या माणसांचे थांबे. आपलं तेर म्हणजे जुनं तगर; पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, इथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जाई. त्या व्यापारी वाटेवर तेरचं विटांचं चैत्यगृह उभं राहिलं; आज ते त्रिविक्रमाचं मंदिर आहे. जवळच धाराशिवची लेणी. व्यापारी चालत होते, साधू चालत होते, आणि दोघांनाही पावसात टेकायला जागा होती.

याच चातुर्मासाच्या परंपरेतला, आपल्या जिल्ह्यात घडलेला एक मृत्यू मला विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी वाटतो. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे देशभूषण-कुलभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र. बेळगाव भागात १८७२ साली जन्मलेले आचार्य शांतिसागर महाराज देशभर पायी फिरले; दिगंबर मुनिपरंपरेला या काळात नवं बळ त्यांनी दिलं. दृष्टी मंदावली. पावलाखालचा जीव दिसेनासा झाला तर मुनीने चालायचं कसं आणि आहार घ्यायचा कसा? १९५५ च्या चातुर्मासात त्यांनी कुंथलगिरीला अन्न सोडून मरणाला सामोरं जाण्याचं सल्लेखना व्रत घेतलं आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्या दिवसांत दर्शनाला लोटलेली गर्दी किती होती हे भूमकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतं. आणखी एक गोष्ट तेव्हा घडली. आपलं आचार्यपद त्यांनी वीरसागर मुनींना दिलं, आणि ते तेव्हा दूर जयपूरला होते. चातुर्मासात मुनीने मुक्काम सोडायचा नसतो, त्यामुळे शिष्य गुरूच्या अंतकाळी येऊ शकत नव्हता. पद निरोपाने गेलं आणि तिकडच्या संघाने ते विधिपूर्वक स्वीकारलं. घरदार नसलेल्या माणसाचा मृत्यू इतका भरल्या समाजात झाला, याचं कारण त्याच्या धर्माने त्याला मरायलाही वेळ दिला होता.

परदेशातल्या मृत्यूचा दाखला कोल्हापूरचा आहे. छत्रपती राजाराम महाराज, वय विशीतलं, इंग्लंडच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. दहन तिथल्या रिवाजात बसत नव्हतं. खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. अनोळखी देशात, घाईच्या वेळी, सोबतच्या माणसांनी संगम शोधला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १८७४ साली तिथे छत्रीसारखं स्मारक उभं राहिलं, आणि शेजारचा आधुनिक पूल आजही त्या भारतीयाच्या नावाने ओळखला जातो. पुढे इंग्लंडमध्ये दविंदर घई या वृद्ध हिंदू गृहस्थांनी उघड्या चितेचा हक्क मागितला. २०१० साली तिथल्या अपील न्यायालयाने आकाशाला खुल्या असलेल्या बांधकामात असं दहन कायद्यात बसू शकतं, असा निवाडा दिला. एकशेचाळीस वर्षांत प्रश्न तोच राहिला: परक्या भूमीवर आपला मृत्यू आपल्या रीतीने होऊ द्याल का?

कधी कधी परकी भूमी नव्हे, आपलीच म्हणवणारी भूमी हा प्रश्न विचारते. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्रायली, इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांना हरकत घेतली; तुम्ही पक्के यहुदी आहात का, याची शहानिशा करू लागले. बेने इस्रायलींनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचं जाहीर केलं. या लोकांनी कोकणातून नेलेला मलिदा आजही तिकडे होतो. पोहे, खोबरं, साखर, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, प्रार्थना करायची, लग्नाआधी, सुंतेच्या वेळी, नवस फेडताना. बाकीच्या यहुद्यांत हा विधी नाही. जो विधी त्यांना कोकणात यहुदी ठेवत होता तोच इस्रायलमध्ये त्यांना मराठी ठेवतो.

आता आपल्याकडच्या दोन जखमा. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरच्या हिंसेचा तपास करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आपल्या आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं. कित्येक मुसलमान कुटुंबं हैदराबादेला गेली, काही कराचीला. कबरी इथे राहिल्या. फातेहा तिकडे, कबर इकडे, अशी एक पिढी सरली. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांत आजोबांची कबर शोधणारी माणसं असतात, हे धाराशिवकरांनी लक्षात ठेवायला हवं. आपल्या जिल्ह्याच्या स्मरणात त्यांचीही जागा आहे.

दुसरी जखम ३० सप्टेंबर १९९३ ची. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने दगड-मातीच्या भिंती कोसळल्या. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं म्हणून नाव त्याचं झालं, पण सास्तूर आणि आजूबाजूची आपली गावं तेवढीच मातीत गेली. सामुदायिक चिता पेटल्या. पडलेल्या घरांचीच लाकडं सरणाला लागली. राख कुणाची सावडायची हे कळणार कसं? तिसरा नाही, दहावा नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. पुढे दोन्ही जिल्ह्यांत मिळून बावन्न गावं नव्या जागी वसवली. रस्ते रुंद आणि सरळ आखले. घरं मिळाली, आणि मग लग्नसराईत प्रश्न उभा राहिला, परण्या कुठून निघायचा? नवरदेव मारुतीला जाऊन येतो तो मारुती वेशीजवळ असतो. नव्या आराखड्यात वेस नव्हती. माणसांनी ती हळूहळू ठरवली. दर ३० सप्टेंबरला भूकंपातल्या मृतांना श्रद्धांजली वाहतात. मला तो सरकारी कार्यक्रम वाटत नाही. जे दहावे राहून गेले त्यांचा तो एकत्रित दहावा आहे.

स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमान येतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे; तिकडे मुंजी होतात, गुरुजी मिळतात, बारसं व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या आजीला दिसतं. मुहूर्त शाळेच्या सुट्या आणि नोकरीतली रजा पाहून निघतो. त्यावर पुष्कळ हळहळ व्यक्त होते. मी ती करणार नाही. ज्या माणसाला रजा मिळते तो आपला विधी जगाच्या पाठीवर कुठेही उभा करतो. हळहळ करायची तर दोनशे किलोमीटरवर गेलेल्या आणि रजा नसलेल्या माणसाबद्दल करावी.

उसाच्या फडात लग्नाचं काय झालं आहे, ते तुम्ही जाणता. वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची, ही आईबापाची धास्ती. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, जोडी झाली की पूर्ण कोयता आणि पूर्ण उचल. या दोन कारणांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं हंगामाआधी उरकली जातात. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. कायदा मोडतो हे तर आहेच. धर्माच्या बाजूनेही मी याला लग्न मानत नाही. अक्षता पडल्या, पण नवी नवरी म्हणून तिला सासरी घेतलं कुणी? चार दिवसांत ती कोपीत होती. ही मजुरांची भरती आहे आणि तिला आपण मांडव घालतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांतही काम बुडवायची सोय नाही, हे त्यामागचं एक कारण. पूर्वी मुलीला न्हाण आलं की मखरात बसवत, ओटी भरत. ती रीत गेली याचं मला दुःख नाही. पण बाईच्या देहाचा एक काळ सुरू होणं आणि संपणं याची दखल घेणारं कुणीच उरलं नाही, आणि ती जागा खाड्याच्या भीतीने घेतली.

मृत्यूचंही तसंच. फडात माणूस गेला की टोळीतली माणसं वर्गणी काढतात, गाडी करून प्रेत गावी आणतात. गंगाखेडला किंवा पंढरपूरला अस्थी नेईपर्यंत निम्मी माणसं परत फडावर गेलेली असतात. बाप वारला तरी मुलगा तेराव्यापर्यंत थांबेलच असं नाही, कारण घरावरची उचल बापाबरोबर जळत नाही.

आणि आता सरकारही सटवाईसारखं कपाळी लिहू लागलं आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे होतो तिथेच नोंदवायचा असतो, तोही एकवीस दिवसांत कळवायचा असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे जन्माचा दाखलाच लागणार आहे. कोपीत जन्मलेल्या भूमच्या मुलाची नोंद अथणीला किंवा शिरोळला व्हायला हवी. एकवीस दिवसांत ती करायला कोण जाणार? बाप गेला तर खाडा. पाचवी दोन गोट्यांवर होते, दाखल्याला मात्र दुसरं काही चालत नाही.

म्हणून माझं मागणं विधी टिकवण्याचं नाही. ते माणसं आपापल्या रीतीने टिकवतात, हे तंजावरपासून जेरुसलेमपर्यंत आपण पाहिलं. मागणं दिवसांचं आहे. बाळंतपणाचे चाळीस दिवस आणि जवळचं माणूस गेल्यावरचे तेरा दिवस खाडा पडू नये. ज्यांच्यात जियारत तिसऱ्या दिवशी आणि फातेहा चाळिसाव्याला असते त्यांना त्यांच्या हिशेबाने सुटी मिळावी. कारखान्याच्या शेतकी विभागाने आपल्या हद्दीतल्या कोप्यांमध्ये झालेला प्रत्येक जन्म आणि मृत्यू तिथल्या ग्रामपंचायतीला कळवावा, मजुराला चालत पाठवू नये. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालेलं आहे. त्याने हे काम हाती घ्यावं.

दसरा जवळ आला आहे. मुकादम गावोगाव फिरत आहेत, स्टँपपेपरवर अंगठे उमटत आहेत. या सभेत सरपंच आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, कारखान्यांचे संचालकही आहेत. करारात ही कलमं घालायची असतील तर पुढचे पंधरा दिवस आहेत, आणि मसुदा लिहून द्यायला मी आजच बसायला तयार आहे.